मधुभाऊंचे हिवाळी सौदे

भारतातून पाहुणे आले की बाकीचे लोक त्यांना नायगारा दाखवायला नेत. मधुभाऊ पांढरीपांडे त्यांना बर्फाखाली गाडलेलं, रिकामं बेसबॉलचं स्टेडियम दाखवत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला, आल्या तो महिना जानेवारीचा. भाऊ मोठ्या हौसेने म्हणाले, "वहिनी, मावशींना मी डेट्रॉइट फिरवून आणतो." सासूबाई परतल्या त्या लालबुंद नाक घेऊन. "कुलूप लावलेलं एक फाटक दाखवलं गं त्यांनी," त्या शेगडीशी हात शेकत म्हणाल्या. "आणि म्हणाले, बघा मावशी, आत आता सौदे चालू आहेत. कसले सौदे, हे विचारायची माझी छाती झाली नाही."

सौदे खेळाडूंचे. बेसबॉलचा हंगाम पानगळीबरोबर संपतो आणि मग वसंतापर्यंत एकही चेंडू टाकला जात नाही. त्या काळात संघांचे मालक आणि मॅनेजर आपापसांत माणसांची अदलाबदल करतात. तुमचा चेंडू टाकणारा आम्हांला द्या, आमचे दोन फटकेबाज घ्या. याला ट्रेड म्हणतात. अमेरिकन माणसं सामन्यांसाठी वेडी होतात, भाऊ या ट्रेडसाठी वेडे होते. उन्हाळ्यात सगळी गल्ली टीव्हीला चिकटलेली असताना हे गृहस्थ निवांत गवत कापत. "सामना काय, कोणीही बघते," ते म्हणत. "उन्हाळ्यात नुसते खेळतात. टीम होते ती हिवाळ्यात."

दिसायला बुटके, चष्मा जाड, आणि ऑक्टोबर लागला की कानांवरून गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारलेला मफलर. त्यावर कोटाची टोपी. त्या मफलरातून फक्त चष्मा आणि मिशी बाहेर असायची. नागपूरहून साठच्या दशकात आले, तेव्हापासून एका मोटार कंपनीत दारांच्या बिजागऱ्यांचं डिझाइन करत. पांढरीपांडे हे नाव कुठल्याही अमेरिकन जिभेला झेपणारं नव्हतंच, त्यामुळे ऑफिसात ते 'पॅंडी' होते आणि आमच्या मुलांचे 'ट्रेड काका'. बायको कुमुदकाकू शांत, सोशिक. नोव्हेंबरातल्या थॅंक्सगिव्हिंगपासून मार्चपर्यंत आपल्या नवऱ्याशी काही महत्त्वाचं बोलायचं नाही, हा त्यांनी संसाराचा नियमच करून टाकला होता.

माझा नवरा प्रकाश आणि भाऊ एकाच गाडीतून कामाला जात. सकाळी रेडिओवर खेळांच्या गप्पांचा कार्यक्रम लागे आणि श्रोते फोन करून आपली अक्कल पाजळत. एका डिसेंबरात शहराच्या संघाने एक जुना, लोकांच्या गळ्यातला ताईत असलेला खेळाडू पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा संघाला देऊन टाकला. शहरात सुतकी कळा आली. लोक फोनवर अक्षरशः रडत होते. भाऊंनी ऑफिसातून फोन लावला, आणि "पॅंडी फ्रॉम नोव्हाय" या नावाने आपल्या ठसठशीत नागपुरी इंग्रजीत सांगितलं, "सर, तुम्ही सगळे कोण गेला ते मोजून राहिले आहात. त्याच्या जागी आता कोणाला खेळायला मिळेल, ते बघा ना जरा." निवेदक हसला. लोक चिडले. पुढच्या उन्हाळ्यात त्या जागी आलेल्या पोराने कमाल केली आणि त्या निवेदकाने रेडिओवर पॅंडीची आठवण काढली, तेव्हा भाऊ ऐकत नव्हते. गवत कापत होते.

त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेतही म्हणता येईल. "आपल्याले नको असलेला माणूस देणं म्हणजे ट्रेड नाही, ते केर काढणं झालं. जो देताना पोटात कालवते, तो खरा ट्रेड."

आता असा माणूस नुसता रेडिओवर समाधान मानेल होय? तेव्हा आमच्या भागात देशी लोकांची सॉफ्टबॉल लीग सुरू झाली होती. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचं घरगुती भावंड. चेंडू मोठा, खालून टाकायचा, पोट सुटलेल्या माणसालाही जमतो. मराठी, गुजराती, तेलुगू, पंजाबी असे संघ. आमच्या मराठी संघाचं दुखणं असं की खेळाडू जेमतेम, आणि त्यांतला प्रत्येकजण कप्तान. भाऊ स्वतः चेंडूपासून दूर पळत, पण मॅनेजर तेच, हे कोणीही न ठरवता ठरलं होतं. त्यांनी सगळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना पटवलं की आपणही हिवाळ्यात ट्रेड करायचे. जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी सगळे मॅनेजर भाऊंच्या बेसमेंटमध्ये जमत. कुमुदकाकू तर्री पोहे करत. ती लालभडक तर्री पिऊन गुजराती मॅनेजरच्या डोळ्यांतून पाणी आलं की भाऊ सौद्याला सुरुवात करत.

आणि एक नियम त्यांनी घालून दिला होता. ज्या संघात माणूस गेला, त्या समाजाचा तो वर्षभर झाला. नुसतं खेळायचं नाही. त्यांच्या पिकनिकला जायचं, त्यांच्या सणाला जायचं, बायकोमुलांसकट. "नाहीतर काय," भाऊ म्हणत, "सासरी गेली आणि जेवायला माहेरी!"

हाच नियम एकदा त्यांच्या अंगाशी आला. त्यांनी जोगळेकर नावाचा आमचा एक डावखुरा (या खेळात डावखुऱ्याला सोन्याचा भाव) गुजराती संघाला दिला आणि बदल्यात उत्तम पळणारे दोन सख्खे भाऊ आणले. सौदा झकास. भाऊ आठवडाभर हवेत. पण जोगळेकर गेला म्हणजे नियमाप्रमाणे नलिनी जोगळेकरही गेली, आणि नलिनी ही आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची नायिका! सप्टेंबरात आम्ही तालमीला बसलो तर ही बाई गरब्याच्या तालमीला. केळकर तेव्हा मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी भाऊंना फोनवर असं काही फैलावर घेतलं की कुमुदकाकूंना स्वयंपाकघरात ऐकू गेलं. शेवटी भाऊ गुजराती मॅनेजरकडे गेले आणि आपला सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, देऊन नायिका सोडवून आणली. त्या वर्षी नाटक रंगलं. पुढच्या उन्हाळ्यात सामने मात्र आम्ही सगळे हरलो. "हात दाखवून अवलक्षण," भाऊ स्वतःच म्हणत. "पुढे ट्रेड करताना आधी बायको काय करते ते पाहीन."

इतपत सगळं हसण्यावारी होतं. ज्या हिवाळ्याबद्दल मला सांगायचंय, तो तसा नव्हता.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मोटारींचा धंदा कधी वर कधी खाली, आणि खाली गेला की पहिली कुऱ्हाड लहान पुरवठादारांवर. सतीश शेलार हा कराडकडचा उंचापुरा पोरगा, आमच्या संघातला एकमेव माणूस ज्याचा चेंडू कुंपणापलीकडे जाई. तो अशाच एका लहान कंपनीत टेस्टिंग इंजिनियर होता. थॅंक्सगिव्हिंगच्या तोंडावर त्याची नोकरी गेली. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला, ग्रीन कार्डचा अर्जही त्याच कंपनीचा. वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं की उन्हाळ्याच्या आत नवी कंपनी मिळाली नाही तर बाडबिस्तरा आवरायचा. बायको वर्षा, पोटुशी. तिकडे कराडला सतीशच्या वडिलांनी नुकतं गावजेवण घातलेलं, मुलगा अमेरिकेत कायमचा राहणार म्हणून. वर्षा माझ्याकडे दुपारी येऊन बसायची, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची.

सगळ्यांनी आपापल्या ऑफिसात विचारलं. कुठेच जागा नव्हती. एकच दार किलकिलं होतं. तेलुगू संघाचे मॅनेजर सुब्बाराव, ज्यांना सगळे राव गारू, म्हणजे रावसाहेब, म्हणत, ते गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगच्या विभागाचे प्रमुख होते, आणि तिथे वसंतात एक जागा निघणार अशी कुणकुण होती. पण राव गारूंचा एक लौकिक होता. शिफारस केलेला माणूस ते घेत नसत. कोणाचा भाचा, कोणाचा मेहुणा, असे फोन येऊन येऊन त्यांचा जीव इतका विटला होता की "एक चांगला मुलगा आहे" एवढं ऐकलं तरी ते नाव कायमचं खोडत. आम्ही सगळे हे जाणून होतो, म्हणून हात चोळत बसलो होतो.

जानेवारीतला तो शनिवार आला. काकूंच्या मदतीला म्हणून मीही बेसमेंटच्या जिन्याशी पोह्यांची परात घेऊन उभी होते, त्यामुळे हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. राव गारूंना आमचा प्रकाश हवा होता. भाऊ म्हणाले, घ्या. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "बस, सतीश मत माँगना. वो नहीं मिलेगा."

राव गारूंनी बशी खाली ठेवली. "कौन, वो लंबा लड़का? मैं माँगा क्या?"

"नहीं माँगा, अच्छा किया. वो तो हमारा जीव है."

झालं. राव गारूंना प्रकाश नकोसा झाला. त्यांना सतीश हवा. भाऊ मान हलवत राहिले. त्यांनी पाणी मागवलं, चष्मा पुसला, उठून बर्फ किती पडला ते पाहून आले. राव गारू एकेक माणूस वाढवत गेले, आणि भाऊ असे काही कळवळत होते की मलाही वाटलं, यांच्या पोटात खरंच दुखतंय. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला आणि सतीशच्या बदल्यात मागितलं कोणाला, तर डॉक्टर मूर्तींना. हे मूर्ती म्हणजे गुडघे गेलेले, चेंडू टाकून झाला की तिथेच खुर्ची मागणारे एक प्रेमळ म्हातारे. राव गारूंनी ताबडतोब हात पुढे केला, न जाणो माणूस शब्द फिरवेल. केळकरांच्या हातातली बशी कलली आणि तर्री गालिच्यावर सांडली. तो डाग पुढे कधी गेला नाही.

सगळे मराठी लोक भाऊंवर खवळले. कोणी म्हणालं म्हातारचळ, कोणी म्हणालं उंटावरचा शहाणा. पण खरा घाव बसला सतीशला. नोकरी गेली, आणि आता आपल्या माणसांनीही काढून दिलं, असंच त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सतीश आणि वर्षा आमच्याकडे जेवायला होते. जेवणं चालू असताना भाऊ आले, बूट झटकत थेट स्वयंपाकघरात. सतीशने तोंड फिरवलं.

"विकलंत ना मला, भाऊ?"

"विकलं नाही बे, बदललं. विकायला आधी गिऱ्हाईक लागते." भाऊंनी खुर्ची ओढली आणि मफलर सोडला. घरात आल्यावर मफलर सोडलेला मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. "हे बघ. मी राव गारूंना फोन केला असता, तर तुझं नाव आजच कटलं असतं. शिफारशीचा माणूस ते दारात उभा करत नाही. पण टीमचा माणूस ते पोरासारखा सांभाळते. मी पाहून राहिलो ना इतकी वर्षं. आता तू त्यांचा झाला. त्यांनी तुले भांडून नेलं आहे, मी दिलं नाही. तर तिथे जा, जीव तोडून खेळ, खुर्च्या उचल, त्यांच्या सणाला जा. आणि नोकरीचं अक्षर तोंडातून काढू नको. त्यांनी विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर गप."

सतीशने ताट पुन्हा जवळ ओढलं. वर्षानेच विचारलं, "आणि भाऊ, नाहीच विचारलं तर?"

 दारांच्या बिजागऱ्यांपासून देशाच्या राजकारणापर्यंत सगळ्यावर उत्तर असणारा हा माणूस टेबलावरची मीठदाणी इकडून तिकडे सरकवत बसला. मग म्हणाला, "तर मी भिकार मॅनेजर, पोरी. लोक म्हणूनच राहिले आहेत. तू पण म्हण."

जाताना दाराशी ते मला हळूच म्हणाले, "वहिनी, केळकरांना यातलं काही सांगू नका. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि राव गारूंच्या कानावर गेलं तर संपलंच." म्हणजे शिव्या त्यांनी आपल्याच पदरात ठेवून घेतल्या. त्या क्षणापासून मला हा माणूस फार आवडू लागला, हे सांगायला मला आज काहीच संकोच वाटत नाही.

मग सुरू झालं वाट पाहणं. तेलुगू लोक मंगळवारी संध्याकाळी एका शाळेच्या जिममध्ये सराव करत. सतीश सर्वांच्या आधी जाई आणि शेवटी निघे. राव गारू त्याला शिकवत, ओरडत, घरी नेऊन भात वाढत, पण कामाधंद्याचं काही विचारत नसत. फेब्रुवारी गेला. भाऊंचा चेहरा उतरत चालला. शहराच्या संघाने त्या महिन्यात एक मोठा ट्रेड केला आणि भाऊंनी रेडिओ लावला नाही. प्रकाशने गाडीत लावला, तर म्हणाले, "बंद कर यार. त्यांचं काय जाते? एक सामना जाते. इथे पोराचं घर आहे."

पाडव्याला तर कसोटीच होती. आपला पाडवा आणि तेलुगू उगादी एकाच दिवशी. आमच्या मंडळाचा कार्यक्रम त्याच शनिवारी, त्यांचाही त्याच शनिवारी. नियम म्हणजे नियम. वर्षाने सकाळी अपार्टमेंटच्या बाल्कनीत गुढी उभारली, साखरेच्या गाठी नव्हत्या म्हणून बत्तासे ओवले, आणि आठवा महिना सांभाळत तेलुगू लोकांच्या हॉलवर गेली. तिथे राव गारूंच्या पत्नीने तिला हाताला धरून बसवलं, कडुलिंबाच्या फुलांची आंबटगोड पच्चडी भरवली आणि नवऱ्याला म्हणाली की या मुलीच्या डोळ्यांत झोप दिसत नाही, हिला काय काळजी आहे ते विचारा.

पुढचं सतीशने मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होतेच असं मला वाटतं. राव गारू पान वाढून त्याच्या शेजारी बसले. "तुम प्रॅक्टिस को सबसे पहले आते. ऑफिस कब जाते?"

"फिलहाल ऑफिस नहीं है, सर. नवंबर में नौकरी गई."

राव गारूंचा हात पानावर थांबला. भाऊंना ते पांडेच म्हणत. "पांडे को मालूम?"

"मालूम है."

"मेरे को बोला क्यों नहीं वो?"

सतीश म्हणाला, "उन्होंने कहा था, पूछें तो सच बोलना, नहीं तो चुप. आपको सिफ़ारिश पसंद नहीं."

राव गारू सगळा हॉल वळून बघेल असे हसले. त्यांना जानेवारीतलं ते चष्मा पुसणं, पाणी मागणं, सुस्कारा सोडणं, सगळं एकदम आठवलं असणार. "मंडे को आओ," ते म्हणाले. "टेस्ट मैं खुद लूँगा. फेल हुए तो सिर्फ़ बॅटिंग करना."

तो नापास झाला नाही. पण कंपनीने घेतलं म्हणून सुटका नव्हती, सरकारकडून कागद मंजूर व्हायचे होते, आणि त्यात एप्रिल गेला, मे गेला. मधल्या काळात वर्षाला मुलगी झाली. भाऊ दवाखान्यात आले ते पेढे घेऊन, पण वर्षाच्या उशाशी उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कागदांचाच.

जूनच्या पहिल्या रविवारी आमचा आणि तेलुगू संघाचा सामना झाला. भाऊ पुढे आणखी काही वर्षं नोव्हायला होते, मग मुलीजवळ टेक्ससला गेले. नंतरही आमच्या भेटी झाल्या. पण डोळ्यांपुढे येतात ते त्या दिवशीचेच.

ऊन छान पडलेलं. आमच्याकडून चेंडू टाकत होते डॉक्टर मूर्ती, मधूनमधून खुर्चीवर बसून. आणि समोर बॅट घेऊन सतीश. मूर्तींनी टाकलेला तो अलगद चेंडू त्याने असा काही फटकावला की कुंपण, पार्किंग, झाडं, सगळं ओलांडून तो दिसेनासा झाला. केळकरांनी कपाळावर हात मारला. "बघा, बघा भाऊ, तुमचा सौदा!" भाऊ एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. आम्ही दणदणीत हरलो.

सामना संपल्यावर सतीश धावत आमच्या बाजूला आला. धाप लागलेली, शर्ट घामाने भिजलेला. "भाऊ, शुक्रवारी संध्याकाळी वकिलाचा फोन आला. अप्रूव्ह झालं. मुद्दाम फोन नाही केला, म्हटलं समोर सांगू."

भाऊ होते तिथेच गवतावर बसले. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले, पुन्हा घातला, पुन्हा काढला. माझा स्वतःचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला. केळकरांना अर्थात काहीच कळेना. प्रकाशने त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ते तावातावाने परत आले, भाऊंपुढे उभे राहिले, आणि त्यांना एकदम खाली वाकून मिठीच मारली.

"आता मला परत घ्या की भाऊ," सतीश म्हणाला.

"आता?" भाऊ उठत म्हणाले. "आता तू आम्हांला परवडत नाही."

वर्षा मुलीला घेऊन आली होती. भाऊंनी हात पुढे केले. मुलीने त्यांचं बोट धरलं, डाव्या हाताने. भाऊंनी ते नीट निरखून पाहिलं. मागून राव गारू येत होते, हसत, हात लांब करून. "पांडे, वो बेबी हमारी टीम का है. हमको देना."

"अजिबात नाही," भाऊ मराठीतच म्हणाले. "हिला मी कोणालाच देत नाही. कितीही मागा." आणि पोरीला छातीशी धरून, राव गारूंकडे पाठ करून, ते मैदानातून झपझप चालू लागले.